क्लिंकर आणि सुपरहीटरवरचा थर: कोळशात खनिज पावडर टाकून खरंच फरक पडतो का?

शिफ्ट_दोन_बॉयलर

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे पण पूर्ण वाचा प्लीज, डोकं चालेनासं झालंय.

आमचा ट्रॅव्हलिंग ग्रेटचा (सरकत्या लोखंडी जाळीवर कोळसा जळतो तसला) बॉयलर आहे, ताशी साधारण ५ टन कोळसा जातो. आधीचा कोळसा राखेला जास्त होता पण त्याने कधी असा त्रास दिला नाही. आता जो येतोय त्याची राख फक्त ८ टक्के आहे, सगळे खूश झाले की चला राख कमी, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. एक म्हणजे ग्रेटवर क्लिंकरच्या, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेच्या, मोठमोठ्या ढेपा होतात, अगदी ग्रेटच्या अर्ध्या रुंदीएवढ्या, शेवटाला अडकतात आणि मग माणसं सळई घेऊन फोडत बसतात. दुसरं म्हणजे सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) पुढच्या ट्यूबांवर पांढरट पिवळा थर बसतो, सुटब्लोअरला (झोत मारून ट्यूबा साफ करणाऱ्या यंत्राला) अजिबात दाद देत नाही, आयडी फॅनचे (गॅस चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याचे) अँपिअर रोज थोडे थोडे चढत जातात आणि तीन साडेतीन आठवड्यांत बंद करून छिन्नीने काढावं लागतं. गेल्या वेळी आत उतरलो होतो, तो थर दगडासारखा होता, मनगटं भरून आली.

आता एकजण पावडर घेऊन आलाय. म्हणतो खनिज आहे, कोळशात २ टक्के टाका, क्लिंकर पण जाईल आणि थर पण जाईल. नेमकं कोणतं खनिज ते सांगत नाही, फॉर्म्युला गुप्त आहे म्हणतो. मी थोडं वाचलं तर कोणी केओलिन म्हणतं, कोणी चुनखडी, कोणी मॅग्नेशिया, कोणी बॉक्साइट. लॅबचा राखेचा रिपोर्ट देतो: सिलिका ३८, अल्युमिना १६, आयर्न ऑक्साइड १४, कॅल्शियम ऑक्साइड १४, मॅग्नेशियम ऑक्साइड ४, सोडियम ऑक्साइड ४, पोटॅशियम ऑक्साइड १, टायटॅनिया १, बाकी सल्फर ट्रायऑक्साइड. कोळशात सल्फर ०.९ टक्के.

कोणी खरोखर वापरलंय का? काय टाकायचं, किती टाकायचं, कुठे टाकायचं?

राखेची_लॅब

मी कोळसा आणि राखेच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे दोन त्रास वेगळे करा, कारण तुम्ही त्यांना एकत्र धरताय आणि पावडरवालाही तेच करतोय. ग्रेटवरचा क्लिंकर म्हणजे राख वितळून एकमेकांना चिकटली. सुपरहीटरवरचा थर म्हणजे सोडियम आगीत वाफ होऊन वर गेलं, गॅस थंड होताना सल्फेट होऊन ट्यूबवर बसलं आणि त्या चिकट लेपावर उडती राख येऊन डकवली गेली. सोडियम सल्फेट ८८४ अंशाला वितळतं, त्यामुळे तिथल्या गॅसच्या तापमानात ते डिंकासारखं काम करतं. नंतर आठवडे जातील तसा तोच थर आत भाजत भाजत घट्ट होतो, तुमच्या राखेत कॅल्शियमही भरपूर आहे, तेही सल्फेट होऊन त्यात सिमेंटसारखं बसतं. छिन्नी लागते ती म्हणूनच.

राख ८ टक्के म्हणून खूश होण्यात एक फसगत असते. राख कमी म्हणजे त्यातली सिलिका-अल्युमिनाची माती कमी, पण सोडियम बरेचदा मातीत नसतंच, ते कोळशाच्या स्वतःच्या अंगात, त्याच्या सेंद्रिय भागाला आम्लाच्या मिठासारखं चिकटलेलं असतं किंवा आतल्या पाण्यात मीठ म्हणून विरघळलेलं असतं. हे सोडियम अगदी सहज वाफ होतं. आधीच्या कोळशात भरपूर माती होती, ती माती हे सोडियम आगीतच गिळत होती. आता गिळायला कोणी नाही. चीनमधल्या शिंजियांगचा झुनडोंग कोळसा, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाचा लिग्नाइट, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा ब्राउन कोल, या सगळ्यांची हीच ख्याती आहे, जळायला छान आणि ट्यूबांना वाईट.

केओलिन, म्हणजे चिनी माती, याच्यावर चालते ती अशी. साधारण ४५० ते ६०० अंशांत तिच्या रचनेतलं पाणी निघून जातं आणि मेटाकेओलिन उरतं, ते फार भुकेलेलं असतं, सोडियमची वाफ त्याच्यावर आली की नेफेलिन नावाचं खनिज तयार होतं. नेफेलिन वितळतं १५२६ अंशाला. म्हणजे ८८४ ला चिकट होणारी गोष्ट तुम्ही १५०० च्या वर नेऊन ठेवलीत, ती कोरडी राख म्हणून निघून जाते. पोटॅशियमचंही तसंच होतं.

आता हिशोब, हा प्रत्येकाने स्वतःच्या कोळशावर करावा. ताशी ५ टन कोळसा, ८ टक्के राख म्हणजे ४०० किलो राख. त्यात ४ टक्के सोडियम ऑक्साइड म्हणजे १६ किलो. रेणूभाराने बघितलं तर १ किलो सोडियम ऑक्साइड पकडायला शुद्ध केओलिन ४.१६ किलो लागतं, म्हणजे ताशी ६७ किलो, कोळशाच्या १.३ टक्के. प्रत्यक्षात सगळं सोडियम वाफ होत नाही आणि कोळशातली मातीही थोडं पकडते, म्हणून सुरुवात याच्या निम्म्याने करून चढत जायचं. उलट बाजूने प्रत्येक कणाला वाफ भेटेलच असंही नाही, त्यामुळे कागदावरचा आकडा हा फक्त मैलाचा दगड समजा.

पण त्या ४ टक्क्यांवर माझा विश्वास नाहीये. लॅबने राख कितीला केली विचारा. नेहमीच्या पद्धतीत कोळसा ८१५ अंशाला जाळून राख करतात आणि जास्त सोडियमवाल्या कोळशात तेवढ्या तापमानाला काही सोडियम भांड्यातूनच उडून जातं, मग रिपोर्टात ते कमी दिसतं. त्यांना सांगा ५०० अंशाच्या आसपास सावकाश राख करा आणि त्यात सोडियम मोजा. जमलं तर कोळसा आधी पाण्याने, मग अमोनियम अ‍ॅसिटेटने, मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने धुवून प्रत्येक पाण्यात किती सोडियम उतरलं ते बघा, पहिल्या दोनात उतरलेलं तेच तुमचं खरं त्रासदायक सोडियम.

आणि त्या गुप्त पावडरचं गुपित दहा मिनिटांत उघडतं. चिमूटभर घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका, चष्मा हातमोजे घालून. फसफसलं की कार्बोनेट, चुनखडी असेल तर जोरात, डोलोमाइट असेल तर हळू, जरा गरम केल्यावर. मग लॅबमध्ये वाळवलेला नमुना १००० अंशाला तापवून वजन किती घटतं बघा. शुद्ध केओलिन जवळपास १४ टक्के घटतं, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ३१, चुनखडी ४४, डोलोमाइट ४७ च्या पुढे. केओलिन म्हणून दिलेली पावडर ५-६ टक्केच घटली तर त्यात वाळू तरी भरपूर आहे किंवा ती आधीच भाजलेली आहे.

फायरमन_जुना

मॅडमनी केमिस्ट्री सांगितली, मी आगीजवळचं सांगतो. ३० वर्षं ग्रेटवर काढली आहेत.

दादा तुमच्या क्लिंकरला पावडर लागणारच नाही असं नाही, पण आधी मला सांगा कोळशाचा चुरा किती आहे? हॉपरमध्ये कोळसा पडताना चुरा मधेच राहतो आणि खडा घरंगळत कडेला जातो, कायम. मग ग्रेटवर मधला पट्टा दाट आणि कडेचा पोकळ. हवा काय करते, सोप्या वाटेने कडेने निघून जाते, मधल्या पट्ट्याला हवा मिळत नाही आणि तिथे धुमसत राहतं. तुमच्या ढेपा मधेच होतात का बघा. आणि फोडून बघा, आतून काळ्या काचेसारख्या आहेत का.

हवा कमी पडली की राखेतलं लोखंड लाल गंजासारखं न राहता काळं होतं आणि ते काळं लोखंड राखेला लवकर वितळवतं, हे आम्ही नुसतं डोळ्यांनी ओळखायचो, नंतर कळलं की लॅबमध्येही हेच दिसतं. तुमच्याकडे लोखंड १४ टक्के आहे म्हणजे कमी नाही. तर हवेचा दोष असेल तर तुम्ही पोतीच्या पोती पावडर ओता, मधला पट्टा मधेच वितळणार.

मी असतो तर हे केलं असतं. हॉपरमध्ये कोळसा सगळ्या रुंदीत सारखा पडेल अशी सोय, हलती चुट (कोळसा खाली सोडणारी घसरण) नसेल तर निदान आत पत्र्याचे तिरके तुकडे लावून. मग कोळशाला थोडं पाणी, चुरा खड्याला चिकटेल इतपतच, मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये. मग झोनचे डॅम्पर (ग्रेटच्या एकेका भागाखालच्या हवेच्या झडपा) एक एक करून, कारण बरेचदा गंजून एकाच जागी अडकलेले असतात आणि हँडल फिरतं पण आतली पाती फिरत नाही, हे मी स्वतः दोन वर्षं न कळता वापरलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आग ढवळू नका. माणसं क्लिंकर फोडायच्या नादात सळईने खालची राख वर उचलतात, वर सगळ्यात जास्त उष्णता, ती राख तिथे वितळली की नवीन ढेप तयार. फोडायचंच तर ग्रेटच्या शेवटाला, आग संपल्यावर.

अजून एक, ८ टक्के राख ग्रेटला कमी पडते. राखेची गादी लिंकांना (ग्रेटच्या साखळीच्या लोखंडी कड्यांना) उष्णतेपासून वाचवते, ती पातळ झाली की लिंका भाजतात. लिंका तपासा पुढच्या शटडाऊनला, विसरू नका.

चुन्याने_पोळलेला

मी फक्त एक अनुभव सांगायला आलोय कारण तुमचा पावडरवाला ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

आम्हालाही असंच सांगितलं होतं की चुनखडी टाका, चुन्याचा वितळणबिंदू २५०० च्या वर आहे म्हणून राख वितळणार नाही. ऐकायला किती बरोबर वाटतं, आम्हाला पण वाटलं. टाकली. दोन शिफ्टमध्ये ग्रेटवर आधी नव्हत्या एवढ्या लांब चादरी झाल्या, अक्षरशः काचेची चादर, कमी टाकली म्हणून असेल असं समजून अजून वाढवली तर आणखी वाईट. शेवटी बॉयलर बंद करून ड्रिलने काढली. का झालं ते कोणीच धड सांगितलं नाही आम्हाला, मॅडम तुम्हाला माहीत असेल तर सांगा, अजूनही डोक्यात आहे ते.

राखेची_लॅब

सांगते, आणि याचं उत्तर मूळ प्रश्नालाही लागू आहे.

एकटा चुना २५०० च्या वर वितळतो हे खरं, एकटी सिलिका १७०० च्या वर आणि एकटी अल्युमिना २००० च्या वर हेही खरं. पण राखेत कोणीच एकटं नसतं. ही तिन्ही एकत्र आली की त्यांचं एक मिश्रण ११७० अंशाला वितळतं, त्यात चुना साधारण २३, अल्युमिना १५, सिलिका ६२ टक्के. चुना वाढवत ३८ पर्यंत नेला, अल्युमिना २० आणि सिलिका ४२, तर तिथे दुसरा खड्डा आहे १२६५ चा. म्हणजे सिलिकावाल्या राखेत चुना टाकत गेलं की वितळणं आधी खाली जातं, बराच वेळ खालीच राहतं आणि खूपच जास्त टाकल्यावर वर येतं. तुम्ही पहिल्यांदा टाकली तेव्हा उताराला लागलात, वाढवली तेव्हा दरीत पोचलात. चुनखडी वाईट नाही, तिची जागा वेगळी आहे. राख मुद्दाम पातळ करून खालून ओतून काढायची असते त्या भट्ट्यांत आणि कोळशाचा गॅस करणाऱ्या गॅसिफायरमध्ये चुनखडी नेमकी याचसाठी टाकतात.

आता शिफ्ट_दोन, तुमच्या राखेतली ही तीनच ऑक्साइड धरून टक्केवारी काढली मी: चुना २०.५, अल्युमिना २३.५, सिलिका ५६. बघा त्या ११७० च्या खड्ड्यापासून किती जवळ उभे आहात. वर लोखंड आणि सोडियम आहेत, ते अजून खाली ओढणार. यात चुनखडी टाकणं म्हणजे सरळ धक्का देणं. केओलिन टाकलं तर अल्युमिना वाढते, तुम्ही त्या खड्ड्यापासून उलट्या दिशेला जाता, म्हणून ग्रेटवरही थोडी मदत होईल. पण फायरमन काका म्हणतात ते आधी करा, हवेचा दोष असेल तर हा फायदा दिसणारसुद्धा नाही.

साधी वाळू टाकू का असं कोणी विचारायच्या आत सांगते, नको. सोडियम आणि सिलिका यांचं मिश्रण ८०० च्या खालीच वितळायला लागतं. सोडियम पकडायला अल्युमिना सोबत असावी लागते, केओलिनचं सगळं मोल त्यातच आहे. मॅग्नेशियाची खरी ताकद फर्नेस ऑइलच्या बॉयलरमध्ये, तिथे व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ७०० च्या खालीच वितळून ट्यूब खातं आणि मॅग्नेशियम त्याला जास्त तापमानाला वितळणाऱ्या व्हॅनेडेटमध्ये बांधतं. कोळशात मॅग्नेशियाने थर कधी कधी ठिसूळ होतो, पण सोडियम पकडायचं काम ते केओलिनसारखं करत नाही.

राख कितीला वितळते याची टेस्ट करून घ्या, आयएसओ ५४० किंवा एएसटीएम डी १८५७. राखेचा छोटा सुळका करून तापवतात आणि टोक गोल झालं, गोळा झाला, अर्धगोल झाला, पसरला अशी चार तापमानं देतात. आणि ती दोन्ही वातावरणात करायला सांगा, भरपूर हवेतली आणि हवा कमी असलेली. लोखंडवाल्या राखेत दोन्हींत १०० अंशांचासुद्धा फरक येतो, तुमच्या मधल्या पट्ट्यात काय चाललंय ते त्या फरकात दिसेल. मग तीच टेस्ट १ टक्का आणि २ टक्के केओलिन कोळशात मिसळून केलेल्या राखेवर करा. पण नीट लक्षात ठेवा, ही टेस्ट ग्रेटबद्दल सांगते, सुपरहीटरबद्दल नाही, कारण वाफ होऊन गेलेलं सोडियम त्या सुळक्यात नसतंच. बरेच लोक इथे फसतात, रिपोर्ट चांगला येतो आणि ट्यूबा तुंबतात.

बेड_मटेरियल

आमचं फ्लुइडाइज्ड बेड आहे, म्हणजे खालून हवा फुंकून वाळूचा थर उकळत ठेवायचा आणि त्यात कोळसा जाळायचा, म्हणून थोडं वेगळं. आमचा बेड ८५० च्या आसपास चालतो, एवढ्या तापमानाला राख वितळायला नको पण सोडियमवाला कोळसा आला की बेडच्या वाळूच्या कणांवर चिकट कवच चढतं, कण एकमेकांना चिकटतात आणि मग एक दिवस बेड उकळायचाच थांबतो. वर मॅडमनी वाळू आणि सोडियमचं जे सांगितलं तेच. आम्ही केओलिन टाकतो, बेडमध्ये ते बराच वेळ राहतं त्यामुळे काम छान करतं, आणि बेड मटेरियल नियमित काढून ताजं भरतो. बेडमधल्या थर्मोकपलांच्या तापमानात एकमेकांत फरक पडायला लागला आणि बेडच्या प्रेशर ड्रॉपची नेहमीची थरथर मंदावली की समजायचं चिकटायला सुरुवात झाली, तेव्हाच काढायचं, वाट बघायची नाही.

चुनखडी आम्हीही टाकतो पण ती सल्फर पकडायला, ८००-९०० अंशांत चुना आणि सल्फर डायऑक्साइड मिळून कॅल्शियम सल्फेट होतं. ग्रेटवरच्या आगीत तापमान खूप जास्त, तिथे ते सल्फेट परत फुटतं, म्हणून सल्फरच्या नावाखाली कोणी ग्रेटवर चुनखडी विकत असेल तर तेही विचारून घ्या.

हिशोबी_इंजिनिअर

सगळ्यांचं बरोबर आहे पण माझं मत वेगळं आहे. पावडर हा रोजचा खर्च आहे आणि राख वाढवतो ते वेगळंच. ताशी ६७ किलो केओलिन टाकलं तर त्यातलं पाणी जाऊन ५७-५८ किलो राख वाढली, ४०० वर म्हणजे १४ टक्के जास्त राख उचलायची, वाहायची, टाकायची. त्यापेक्षा आधीचा जास्त मातीवाला कोळसा यात मिसळा ना, ३० टक्के ७० टक्के वगैरे, सोडियम पकडायला त्यातली मातीच केओलिनचं काम करेल आणि ग्रेटला राखेची गादी पण मिळेल. मी दोन ठिकाणी हेच केलं आणि पावडरची गरजच पडली नाही. माझ्या मते खनिज पावडर हा शेवटचा उपाय.

राखेची_लॅब

मिसळण्याचा सल्ला चांगला आहे, मीही तो आधी देईन, जर दुसरा कोळसा मिळत असेल तर. पण दोन गोष्टी. कोळशातल्या मातीत क्वार्ट्झ किती आणि केओलिन किती हे बघावं लागतं, नुसती राख जास्त म्हणजे पकड जास्त असं होत नाही, क्वार्ट्झ तर वर उडून ट्यूबा घासत राहतो. आणि मिसळलेल्या राखेचा वितळणबिंदू दोघांच्या सरासरीने येत नाही, दोन्ही कोळसे वेगवेगळे चांगले आणि मिसळल्यावर वाईट असं मी टेस्टमध्ये प्रत्यक्ष बघितलंय. चुनावाली राख आणि सिलिकावाली राख एकत्र आली की वरचीच ११७० ची गोष्ट. म्हणून मिश्रणाचीच टेस्ट करा.

उलट पल्व्हराइज्ड (कोळशाची पूड करून फुंकून जाळणाऱ्या) बॉयलरवाल्यांसाठीही एक सूचना, तिथे आग १३०० च्या वर असते आणि कण एक दोन सेकंदच राहतो, एवढ्या तापात केओलिनचं रूपांतर मुलाइटमध्ये व्हायला लागतं आणि पकड कमी होते, त्यामुळे तिथे पावडर बारीक हवी, १० मायक्रॉनच्या आत असेल तर उत्तम, आणि काही ठिकाणी ती कोळशात न मिसळता बर्नरच्या वर थोड्या थंड भागात वेगळी फुंकतात. डेन्मार्कमधल्या अ‍ॅव्हेडोर प्लांटमध्ये लाकडाच्या पेलेटच्या आगीत कोळशाची राख टाकलेली आहे, तिथे पोटॅशियम पकडायला. म्हणजे एकाची टाकाऊ राख दुसऱ्याचं औषध, मला ही गोष्ट फार आवडते.

कोळशात क्लोरीन असेल तर एक नोंद ठेवा, केओलिनने मिठातलं सोडियम पकडलं की क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन गॅसमध्ये जातं. ट्यूबवरच्या थरातलं क्लोरीन कमी होतं ही चांगली बाजू, पण चिमणीच्या बाजूला आकडा वाढलेला दिसेल.

शिफ्ट_दोन_बॉयलर

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय, सगळं करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पहिलं म्हणजे त्या पावडरवर अ‍ॅसिडचे थेंब टाकले आणि ती अशी फसफसली की आमचा केमिस्ट आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. तापवल्यावर वजन ४१ टक्के घटलं. म्हणजे जवळजवळ सगळी चुनखडीच. चुन्याने_पोळलेला, तुमची पोस्ट नसती तर मी २ टक्के टाकायला सुरुवात केली असती, मनापासून आभार. त्या माणसाला परत पाठवलं.

मग काकांनी सांगितलेलं. ढेपा मधेच होत होत्या, तंतोतंत. चौथ्या झोनचा डॅम्पर वरून उघडा आणि आतून बंद निघाला, पाती शाफ्टवरून सुटलेली. तो दुरुस्त केला, हॉपरमध्ये तिरके पत्रे लावले, पाणी मुठीच्या टेस्टने ठेवलं आणि सळईवर बंदी घातली, यावर शिफ्टमध्ये भांडणंही झाली. पावडरचा एक कणही न टाकता मोठ्या ढेपा गेल्या. लहान खडे होतात अजून, पण ते ग्रेटच्या शेवटाला स्वतःच पडतात. आणि हो, मधल्या काही लिंका खरंच भाजलेल्या होत्या, बदलल्या.

थराला मात्र याने काहीच फरक पडला नाही, मॅडम म्हणाल्या तसंच. कमी तापमानाला राख करून घेतली तर सोडियम ४ नाही, ६ च्या जवळ निघालं. मग हिशोब परत केला, ताशी २४ किलो सोडियम ऑक्साइड म्हणजे १०० किलो केओलिन, कोळशाच्या २ टक्के. दुसरा कोळसा मिसळायला सध्या मिळत नाहीये, नाहीतर हिशोबी सरांचं ऐकलं असतं. वजन १३ टक्क्यांच्या वर घटणारं केओलिन घेतलं आणि १ टक्क्याने सुरुवात केली. बाकी काहीही बदललं नाही, लोड तोच, सुटब्लोअरच्या वेळा त्याच, आणि आयडी फॅनचे अँपिअर, सुपरहीटरच्या आधीचा आणि नंतरचा ड्राफ्ट (गॅसच्या वाटेतला दाब), चिमणीकडे जाणाऱ्या गॅसचं तापमान हे तीनच आकडे दर शिफ्टला वहीत.

पहिला आठवडा काहीच कळलं नाही, मला वाटलं फुकट गेलं. मग १.५ वर नेलं. आता पाच आठवडे झाले, ड्राफ्टचा फरक चढतोय पण अगदी सावकाश, पूर्वी एवढ्या दिवसांत आम्ही बंद करून आत छिन्नी चालवत असायचो. दरवाज्यातून बघितलं तर थर आहे, पण सुटब्लोअर मारला की त्याचे पापुद्रे पडताना दिसतात, हे मी या कोळशावर पहिल्यांदाच बघितलं.

एक अडचण आहे, केओलिन आणि ओला कोळसा मिळून चुटच्या कोपऱ्यात चिखल बसतो आणि दर दोन दिवसांनी ठोकून काढावा लागतो. यावर कोणाकडे काही?

फायरमन_जुना

डॅम्परचं ऐकून बरं वाटलं बघा.

चिखलाचं, तुम्ही पावडर आधी टाकून मग पाणी मारताय का? उलट करा. पाणी खूप आधी, कोळसा बंकरमध्ये जायच्या वेळी, म्हणजे ते खड्यात मुरतं. पावडर शेवटी, बेल्टवरून चुटमध्ये पडायच्या अगदी आधी, कोरडी, बेल्टच्या पूर्ण रुंदीवर पातळ पसरून. ओलसर खड्याला ती पिठासारखी लागते आणि तशीच आगीत जाते. आणि पाणी थोडं कमी करा, माती स्वतःही पाणी धरते. चुटचा कोपरा चौकोनी असेल तर आतून गोल पत्रा लावा, चौकोनी कोपऱ्यात काहीही साचतंच.

शिफ्ट_दोन_बॉयलर

पावडर आधी आणि पाणी नंतर, हेच करत होतो काका. आजच बदललं. पुढच्या आठवड्यात ठरलेलं शटडाऊन आहे, तेव्हा चुट गोल करून घेतो. मॅडम, पुढच्या ट्यूबांवरचा थर दोन भागांत काढणार आहे, ट्यूबला लागून असलेला आतला आणि वरचा बाहेरचा वेगवेगळा, दोन्हीत सोडियम आणि सल्फर मोजायला देतो. अजून काही मोजायला हवं असेल तर त्याआधी सांगा.

राखेची_लॅब

दोन भागांत काढताय हे उत्तम. एक्सआरडी (क्ष-किरणांनी खनिज ओळखायची टेस्ट) होत असेल तर तीही करा, नेफेलिन दिसलं की पकड होतेय हे नक्की. आणि ग्रेटखालच्या राखेचा आणि धुळीच्या हॉपरमधल्या राखेचा असे दोन नमुने पण घ्या, सोडियम ट्यूबवर नाही तर मग गेलं कुठे हे त्यात सापडलं पाहिजे. चारही नमुने कोरड्या डब्यांत, झाकण घट्ट, सल्फेट हवेतलं पाणी ओढतं.